बोदिलचे एकशे सात

बोदिल क्रागच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. टेबलाचे खण निम्मे रिकामे झाले होते, कुंड्या कुणाकुणाला वाटून झाल्या होत्या. आणि बाईच्या डोक्यात सहा वर्षांपासून वळवळणारा किडा काही केल्या बाहेर पडत नव्हता. ती एकच वडी इतकी आक्रसली का?

वडी म्हणजे खायची नव्हे हो. होल्बेकच्या खाडीकाठी एक छोटी संशोधनसंस्था आहे, तिच्या तळमजल्यावर भट्ट्यांची खोली आहे, आणि त्या खोलीत बोदिल एकवीस वर्षं चिनीमातीच्या वड्या भाजत आली होती. दोन बोटं रुंद, पोस्टकार्डाइतकी जाड. वडी भाजायची, तिला प्लॅटिनमच्या चार तारा लावायच्या, पुन्हा तापवायची आणि तिच्यातून वीज किती सहज जाते ते मोजायचं. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामाने बाईला जे वेड लावलं होतं, ते काही विचारू नका.

त्याचं मूळ बोर्नहोल्म बेटावर. तिथे तिचे वडील विजेच्या खांबांवर बसवतात ते चिनीमातीचे पांढरे कप बनवणाऱ्या कारखान्यात होते. नऊ वर्षांची बोदिल डबा द्यायला गेली की कप उलटासुलटा करून बघायची.

"बाबा, यातून वीज का जात नाही?"

"गेली तर आपण खायचं काय?" बाप म्हणायचा.

"पण का जात नाही?"

"तुझ्या बाईंना विचार."

बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, वडिलांना विचार. असं दोघांनी मिळून पोरीचं तोंड बंद केलं खरं, पण प्रश्न काही बंद झाला नाही. सोळाव्या वर्षी ती त्याच कारखान्यात कच्ची माती कापायला लागली. मग लग्न झालं, बेट सुटलं, इकडे कपबश्यांच्या कारखान्यात भट्टीवर वीस वर्षं गेली, आणि ती सेहेचाळीस वर्षांची असताना कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हाच या संस्थेला भट्टीची नस ओळखणारं माणूस हवं होतं. मुलाखत थोर्किलने घेतली. तेव्हा तो लांब मानेचा, केस विस्कटलेला तरुण होता. आता विभागाचा प्रमुख आहे आणि केस विस्कटायला उरलेले नाहीत.

"इथे करायचं काय?" बोदिलने विचारलं.

"चिनीमाती. वीज जाणारी," तो म्हणाला.

बोदिलला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. ती खो खो हसली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "माझा बाप असता ना, तर खुर्चीवरून पडला असता."

थोर्किलने तिला समजावलं ते असं. एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये चिनीमातीचा पातळ पापुद्रा, आणि सगळं साडेआठशे अंशांवर लाल झालेलं. मग आग न पेटवताच गॅसमधून थेट वीज निघते. याला म्हणतात फ्युएल सेल. यात गॅसच्या बाजूचा जो थर असतो, ॲनोड, त्यात निकेल घालतात, कारण वीज वाहून न्यायला कुणीतरी हवं. निकेल गुणी खरं, पण चुकून हवा लागली की फुगतं आणि अख्खा पापुद्रा तडकून टाकतं. तेव्हा निकेलला नारळ द्यायचा आणि वीज वाहायचं काम चिनीमातीलाच शिकवायचं. किती वाहायला हवी? या धंद्यातल्या लोकांनी मनाशी एक रेघ आखून ठेवली आहे: शंभर. वडीचा आकडा शंभरच्या वर गेला तर ती कामाची. खाली राहिली तर पुन्हा माती कालवा.

कच्ची पूड स्ट्रॉन्शियम आणि टायटेनियमची, वर चिमूटभर नायोबियम. दिसायला पिठासारखी. हवेत भाजली तर पांढरीच राहते आणि वीज अडवते, अगदी बोदिलच्या बापाच्या कपांसारखी. हायड्रोजनमध्ये भाजली तर काळीभोर होऊन बाहेर येते आणि वीज सोडते. त्याच मातीची तीच वडी! एकवीस वर्षांत बोदिलने हजारो वेळा भट्टी उघडली असेल, पण पांढरी आत गेलेली काळी होऊन बाहेर आली की ती अजूनही दोन मिनिटं नुसती बघत उभी राहायची. "का ग बाई?" असं वडीलाच विचारायची. लोकांना सवय झाली होती.

तिच्या कोटाच्या खिशात बापाची फूटपट्टी असायची. लाकडी, एका कडेला पितळेची पट्टी. ही फूटपट्टी मुद्दाम चुकीची बनवलेली होती. माती भाजली की आक्रसते हे कुंभाराच्या पोराला सांगावं लागत नाही, आणि बोर्नहोल्मच्या त्या कारखान्यातली माती शंभराला बाराने आक्रसायची. म्हणून तिथल्या फूटपट्ट्यांवरचा सेंटिमीटरच तेवढा मोठा. तिच्यावर तीन सेंटिमीटर मोजून कच्ची माती कापा, भाजून बाहेर येईल ती खरी तीन सेंटिमीटर. हिशेब नाही, कागद नाही. बोदिलने संस्थेत आल्यावर पहिलं वर्ष आपल्या पिठात डिंक कमीजास्त करण्यात घालवलं, पीठही शंभराला बाराने आक्रसेपर्यंत. मग काय, तिच्या वड्या बाहेर यायच्या त्या बरोबर तीस मिलिमीटर रुंद. दूरदूरचे पाहुणे यायचे आणि विचारायचे, हे कसं जमतं?

वर्कशॉपचा फ्रोडे मात्र त्या फूटपट्टीकडे बघून दात-ओठ खायचा. सगळी हत्यारं मोजूनमापून ठेवणारा माणूस तो. "बोदिल, हे लबाड लाकूड इमारतीच्या बाहेर ठेव. एक दिवस कुणाचा तरी घात करेल."

"लबाड नाही रे, दूरचं बघणारी आहे," बोदिल म्हणायची. "तुझ्या पट्ट्यांना फक्त आजचं दिसतं."

तर ती वडी. सहा वर्षांपूर्वीचा मार्चमधला शुक्रवार. दुपारी परगावचे पाहुणे यायचे होते, थोर्किल दर पाच मिनिटांनी दारात डोकावत होता, आणि बोदिलने वडी काढली, मोजली, तारा लावल्या, तापवली. आकडा आला एकशे सात.

थोर्किल मेजवर ढोलकं वाजवायला लागला. कुणीतरी वाढदिवसाला ठेवतात तो छोटा झेंडा आणून भट्टीवर उभा केला. पाहुण्यांनी हात मिळवले. एक गोष्ट तेवढी विचित्र होती. वडी नेहमीसारखी तीस न भरता सव्वीस पॉइंट चार भरली होती. पण थोर्किलला त्यातच सगळं उत्तर सापडलं. "जास्त आक्रसली! म्हणजे कण एकमेकांना जास्त चिकटले! म्हणूनच वीज सुसाट गेली!" काढताना वडी आडवी मोडून तिचे दोन तुकडे झाले. एक तपासण्यांमध्ये संपला, दुसरा कापसात गुंडाळून थोर्किलच्या कपाटात गेला. त्यावर शोधनिबंध लिहिला गेला, लेखकांत चौथं नाव बोदिलचं. ज्या बाईने शाळा सोळाव्या वर्षी सोडली तिचं नाव छापून आलं. निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून चहाकॉफीच्या खोलीत लावलं. बोदिल रोज सकाळी कॉफी घेताना त्याच्याकडे बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही, इतकं तिला ते आवडायचं.

पुढे मात्र तशी वडी पुन्हा झालीच नाही. बोदिलने स्वतः चाळीस केल्या. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. शंभर नाहीच.

मग दीड वर्षापूर्वी सुन्वा आली. फारो बेटांवरची, सत्तावीस वर्षांची, वाऱ्यात वाढलेली म्हणून जरा मोठ्याने बोलणारी. तीन वर्षांत डॉक्टरेट करायची होती आणि विषय होता तोच: ती वडी पुन्हा आक्रसवून दाखवायची. पोरीने जीव तोडून काम केलं. भट्टी आणखी तापवली, आणखी वेळ ठेवली, पूड आणखी बारीक दळली. वड्या वाकल्या, तडकल्या, एक तर भट्टीच्या तळाला चिकटून बसली. आकडा चौऱ्याण्णव.

आता त्या संस्थेत एक रिवाज आहे. ज्याने घोळ घातला त्याने केक आणायचा. हायड्रोजनचा नळ उघडा राहिला, केक. दुसऱ्याची वडी आपली समजून फोडली, केक. आणि केक कापायच्या आधी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं: मी असं असं केलं. मग सगळे हसतात, खातात, विषय संपला. कॉफीच्या खोलीत फ्रोडेचा फळा आहे, त्यावर नावापुढे रेघा, रेघेखाली केकचं नाव. आकडा कमी आला तर तो घोळ नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सुन्वा ऐकेल तर शपथ. "बोदिलला जमलं, मला जमत नाही, म्हणजे घोळ माझाच," म्हणायची आणि केक घेऊन यायची. दीड वर्षात सात केक. पहिला रुबार्बचा होता, आईने बेटावरून पाठवलेल्या त्या आंबट देठांचा. बोदिलने त्याचे दोन तुकडे खाल्ले होते.

आणि जूनच्या त्या पहिल्या सोमवारी सुन्वाने सांगून टाकलं की ती महिनाअखेर सोडून चालली. निम्म्यावरच. परत बेटावर, तोर्सहाव्नला जाऊन शाळेत शिकवणार.

बोदिल भट्टीच्या खोलीत आली तेव्हा पोरगी स्टुलावर बसून आपल्या वड्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरत होती.

"काय ग हे? खरंच चाललीस?"

"खरंच."

"थोर्किल काय म्हणाला?"

"म्हणाला, विचार कर. केला विचार. बोदिल, काही लोकांचा हात असतो, काहींचा नसतो. तुझा आहे. माझ्या हाताखाली वडी आक्रसतच नाही. फार फार तर एकोणतीस पॉइंट सहा."

"हाताबिताचं काही नसतं. मातीला हात कुणाचा ते कळत नाही."

"मग तुझी सव्वीस पॉइंट चार कशी झाली?"

"तेच तर मला कळत नाहीये!" बोदिल वैतागून म्हणाली. "सहा वर्षं झाली. उत्तर न कळताच मी घरी जाणार, याचा मला असा राग येतोय म्हणून सांगू!" ती दुसऱ्या स्टुलावर बसली. "एकोणतीस पॉइंट सहावाली दाखव बरं. जाडी किती हिची?"

"तीही थोडी कमी झाली. रुंदी उतरली तशी जाडीही उतरली. का?"

"आणि माझ्या वडीची?"

"तुझ्या वडीची?" सुन्वाला निबंध तोंडपाठ होता. "तिची जाडी नेहमीइतकीच. अर्धा मिलिमीटर."

बोदिलचा हात डब्यावरच थांबला.

"काय झालं?" सुन्वाने विचारलं.

"काही नाही. माती एकाच अंगाने कशी आक्रसेल ग?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "वाकेल, तडकेल, मान्य. पण रुंदी एवढी उतरली आणि जाडी तिळभरही नाही? आमच्या भट्टीत असलं काही कधी झालं नाही."

ती उठली ती थेट तळघरात गेली. सहा वर्षांपूर्वीची वही काढली, मार्चचं पान उघडलं. तिचंच अक्षर, गोल आणि नीट. बाईला एक सवय होती, कशाने मोजलं तेही लिहायची. जाडी: मायक्रोमीटर. आणि रुंदीपुढे, पेन्सिलने, घाईघाईत: फूटपट्टी.

आणि तो शुक्रवार तिला लख्ख आठवला. आकडे दाखवणाऱ्या व्हर्निअरची बॅटरी संपलेली. मायक्रोमीटरचा जबडा पंचवीसच्या पुढे उघडत नाही. थोर्किल दारात, "झालं का? झालं का?" करतोय. तिने खिशात हात घातला होता आणि फूटपट्टी काढून वडीला लावली होती.

भाजलेल्या वडीला कच्च्या मातीची फूटपट्टी!

तिने वर येऊन सुन्वाच्या डब्यातली पहिली वडी उचलली. व्हर्निअरने मोजली: तीस. मग बापाची फूटपट्टी लावली. सव्वीस आणि थोडं. सव्वीस पॉइंट चार.

थोर्किल जेवायला गेला होता. तिने त्याच्या कपाटातून कापसातला तुकडा काढला आणि मोजला. तीस. वडी कधी आक्रसलीच नव्हती! ती होती तेवढीच रुंद होती. तिला अरुंद धरून हिशेब केला, म्हणून वाटलं की एवढ्या चिंचोळ्या वडीतून केवढी वीज गेली. खरी रुंदी घालून बोदिलने कागदावर गुणाकार मांडला. एकशे सातचे झाले चौऱ्याण्णव.

तिला आधी काय वाटलं असेल, सांगा? लाज नव्हे. आधी तिला आनंद झाला. सहा वर्षांचा किडा बाहेर पडला, कळलं एकदाचं! मग लगेच लाजेने तिचे कान तापले. आणि मग डब्यातल्या वड्यांकडे तिची नजर गेली. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव. पोरीने प्रत्येक वडीवर बारीक अक्षरात चिठ्ठी लावली होती आणि शेवटच्या तीन चिठ्ठ्यांवर आकड्यापुढे लिहिलं होतं: माफ करा.

आता खरं सांगायचं तर बोदिल काही लगेच धावत गेली नाही. तीही माणूसच. दोन दिवस ती गप्प होती. बुधवारी कॉफीच्या खोलीवरून जाताना आतून गाणं ऐकू आलं. निरोपसमारंभाचं गाणं, ओळखीच्या चालीवर शब्द बसवलेलं, कागदावर छापून सगळ्यांना वाटलेलं. फ्रोडे बेसूर आवाजात ध्रुवपद म्हणत होता, आणि ध्रुवपदात 'एकशे सात' तीनदा होतं. बोदिल दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिली. मी काही बोलले नाही तर काय होईल, तिने मनाशी म्हटलं. तीन आठवड्यांनी मी घरी. चौथं नाव राहील, फ्रेम राहील. सुन्वा शाळेत शिकवेल, आणि जन्मभर समजेल की आपल्याला हात नाही.

ती तिथूनच थोर्किलच्या खोलीत गेली आणि वही, तुकडा, फूटपट्टी असं सगळं त्याच्यापुढे ठेवलं.

थोर्किलने मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा काढला. "बोदिल," तो म्हणाला, "त्या निबंधाचा दोनशे लोकांनी आधार घेतलाय."

"मग दोनशे लोकांना कळव."

"कळवीन. कळवायलाच हवं. आणि दोष माझाही आहे, मी एकदाही पुन्हा मोजली नाही. बोदिलने मोजली म्हणजे मोजली, एवढंच." त्याने टक्कल चोळलं. "पण आता तुझा समारंभ आलाय, लोक बाहेरून येणार आहेत. ऑगस्टमध्ये शांतपणे करू. तुला कशाला त्या दिवशी..."

"ऑगस्टमध्ये सुन्वा इथे असेल?"

थोर्किलने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तू तिला आज सांगू नकोस," बोदिल म्हणाली. "घोळ माझा आहे. रिवाजाप्रमाणे मी सांगणार, सगळ्यांसमोर. केकही मी आणणार. तुला अडवायचं असेल तर बघ अडवून."

"तुला कोण अडवणार?" थोर्किल म्हणाला आणि फूटपट्टी तिच्या हातात परत दिली.

समारंभ महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होता. बोदिलने गुरुवारी रजा टाकली आणि सकाळी सहाला ओव्हन पेटवला. शुक्रवारी दुपारी फ्रोडेला फोन करून वर्कशॉपची गाडी घेऊन बोलावलं.

फ्रोडेने स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी उभा राहिला. "लग्न आहे का कुणाचं?"

"उचल आणि गप्प बस. रुबार्बचा सांभाळून, मऊ आहे."

"आठ केक, बोदिल! केकची सोय आम्ही केलीय. त्यावर आकडासुद्धा काढलाय साखरेचा."

"तो आकडा पुसायला लागेल," बोदिल म्हणाली. फ्रोडेला वाटलं, बाई भावुक झाली आहे.

सभागृहात साठ माणसं जमली होती. टेबलावर झेंडे, प्रत्येक खुर्चीवर गाण्याचा कागद. सुन्वा मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. तिचं सामान बांधून झालं होतं, रविवारचं विमान होतं. थोर्किल बोलायला उठला आणि दोनच वाक्यांत खाली बसला. "आधी बोदिलला काही सांगायचंय."

बोदिल आठ केकच्या मागे उभी राहिली. भाषण तिने पाठ केलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरली.

"रिवाज माहितीये तुम्हाला," ती म्हणाली. "कापायच्या आधी सांगायचं. सहा वर्षांपूर्वी मी भाजलेली वडी कच्च्या मातीच्या फूटपट्टीने मोजली." तिने फूटपट्टी वर धरली. "हिने. म्हणून वडी सव्वीस भरली. ती तीसच होती. तेव्हा एकशे सात कधी आलेच नव्हते. चौऱ्याण्णव आले होते."

कुणी हसलं नाही. घोळ सांगितल्यावर हसतात, पण कुणाला हसूच फुटेना. मग फ्रोडे म्हणाला, "सांगितलं होतं तुला, घात करेल म्हणून."

"सांगितलं होतंस बाबा. आणि घात कुणाचा झाला तेही बघ." बोदिलने मान वर करून मागच्या रांगेकडे बघितलं. "सुन्वा, इकडे ये ग."

सुन्वा पुढे आली.

"हा आठवा माझा आहे, माझ्या घोळाचा," बोदिल म्हणाली. "हे सात तुझे. हा रुबार्बचा. हा सफरचंदाचा. हा खोबऱ्याचा, तो तुझा जरा करपला होता. तू आणलेस तसेच केलेत, यादी फ्रोडेच्या फळ्यावरून घेतली. तुझा एकही घोळ झाला नव्हता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुझे सात केक खाल्ले. मी तर सगळ्यांत जास्त. ते परत आणलेत."

सुन्वा केककडे बघत होती. एकेका केकवरून तिची नजर सरकत गेली आणि शेवटच्यावर थांबली.

"म्हणजे मी दीड वर्ष..." ती म्हणाली.

"बरोबर करत होतीस. दीड वर्ष. रोज."

सुन्वा रडली नाही, निदान लगेच नाही. ती दाराबाहेर निघून गेली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बोदिलला वाटलं, गेली पोरगी, आता येत नाही. पण शेजारच्या कॉफीच्या खोलीतून खरखर आवाज आला, आणि सुन्वा परत आली ती फ्रोडेचा अख्खा फळा भिंतीवरून उपसून हातात घेऊन. तिने तो टेबलाला टेकवला. कोपराने आपल्या नावापुढच्या सातही रेघा पुसल्या, दोनदा पुसल्या, आणि खडू घेऊन बोदिलच्या नावापुढे एक ओढली. एकवीस वर्षांतली बोदिलची पहिली रेघ.

आता मात्र लोक हसले. टाळ्याही वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "गाण्याचं काय? 'एकशे सात' तीनदा आहे!"

"चौऱ्याण्णव म्हणा," बोदिल म्हणाली.

"चालीत बसत नाही!"

"बसवा. मलाही ते मनात बसवायला तीन आठवडे लागले."

ते गाणं इतकं भयंकर झालं की सांगता सोय नाही. साठ माणसं तीनही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी अडखळली. बोदिल हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि आपण कशासाठी काय करतोय हे तिला कळत नव्हतं.

गाणं संपल्यावर सुन्वाने सुरी घेतली आणि रुबार्बचा केक कापला. पहिला तुकडा बोदिलला दिला, दुसरा स्वतः घेतला. तिने एक घास तोंडात घातला. गालांवरून पाणी ओघळत होतं, तिने ते पुसलं नाही.

"बोदिल," ती म्हणाली, "आक्रसून काही होत नाही हे कळलं. मग आता चौऱ्याण्णवच्या वर जायला दुसरं काय करायचं?"

"मला काय विचारतेस? मला तर अजून हेही कळलेलं नाही की त्यातून मुळात वीज का जाते."

सुन्वाने थोर्किलकडे बघितलं. "सोमवारी तीन नंबरची भट्टी कुणाच्या नावावर आहे?"

थोर्किलने यादी बघितलीसुद्धा नाही. "अजून बोदिलच्याच."

"नाव खोडून तिचं घाल," बोदिल म्हणाली आणि केकचा दुसरा तुकडा घ्यायला ताटली पुढे केली.